एकत्रित पशुवैद्यकीय उपचार, ठाणे आणि नवी मुंबई: कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी नाही

घोडबंदर रोडपासून सीवूड्स-खारघरपर्यंत काही पेट क्लिनिकच्या पाटीवर लसीकरण, सर्जरी, सोनोग्राफी यांच्या खाली आता आणखी एक ओळ दिसते: ॲक्युपंक्चर, लेझर, हायड्रोथेरपी (पाण्यातला व्यायाम), आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक उपचार. हे परीक्षण कुठल्या एका क्लिनिकचं नाही. या ओळीखाली जे काही मिळतं ते एकेक करून तपासलं आहे. कुठली गोष्ट कोणत्या दुखण्यात उपयोगी पडते, ती नीट केली जातेय हे कसं ओळखायचं आणि कुठे ती घातक ठरते, एवढंच इथे सांगायचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. सांधेदुखी, मणक्याचं दुखणं, ऑपरेशननंतर पायात ताकद आणणं आणि म्हातारपणाची काळजी, या चार कामांत ही सेवा पैसे वसूल करून देते. ताप, सततच्या उलट्या, कावीळ, लघवी अडकणं, धाप लागणं यांत रक्ततपासणी, सलाईन आणि नेमकं औषध आधी. बाकी सगळं नंतर. आणि दोन्ही बाजूंची औषधं एकाच केसपेपरवर लिहिलेली नसतील तर पाटीवर काहीही असो, उपचार एकत्रित नाहीत.

केसपेपर

पहिल्या भेटीतच क्लिनिकची पारख होते. प्राणी काट्यावर चढवला का? फक्त वजन लिहून घेतलं, की बरगड्या आणि कंबर चाचपून अंगलट बारीक की जाड याचा नऊपैकी आकडाही लिहिला? लंगडणाऱ्या कुत्र्याला टेबलावर उचलण्याआधी बाहेर टणक जमिनीवर सरळ चालवून, वळवून, दुडक्या चालीने पाहिलं का? मागच्या पायाचा पंजा उलटा टेकवून तो किती पटकन सरळ करतो हे पाहिलं का? दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून लिहिला का? हा शेवटचा आकडा फार कामाचा असतो. आजारी पायाचा घेर निरोगी पायापेक्षा दोन सेंटीमीटरने कमी आहे असं आज लिहिलं असेल, तर सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे मोजून कळतं. 'आता बरा वाटतोय' यावर विसंबता येत नाही. कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या अभ्यासांत, पाय जमिनीवर किती भार टाकतो हे यंत्राने मोजल्यावर दिसून आलं, की औषध नसलेली गोळी दिली तरी मालकांना आणि डॉक्टरांनाही सुधारणा झाल्यासारखी वाटते. म्हणून सुया असोत वा लेझर, आधीचं माप नसेल तर नंतरच्या कौतुकाला अर्थ उरत नाही.

मग येते औषधांची यादी. घरी चालू असलेलं सगळं विचारलं गेलं पाहिजे: दुसऱ्या डॉक्टरने दिलेलं इंजेक्शन, मेडिकलमधून आणलेलं मलम, रोजची हळद, शेजारच्या काकूंनी दिलेलं लिव्हर टॉनिक, सगळंच. याचं सर्वांत मोठं कारण स्टेरॉइड. खाज सुटली म्हणून एका ठिकाणी प्रेडनिसोलोन चालू असतं, आणि पाय दुखतो म्हणून दुसऱ्या ठिकाणी मेलॉक्सिकॅम लिहून मिळतं. ही दोन एकत्र पोटात गेली की जठराला जखमा होतात. आधी भूक जाते, मग डांबरासारखी काळी शी होते आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जठराला भोक पडतं. साध्या स्टेरॉइडनंतर वेदनाशामक सुरू करण्याआधी साधारण पाच ते सात दिवसांचं अंतर ठेवतात. दीर्घकाळ चालणारं डेपो इंजेक्शन दिलेलं असेल तर हे अंतर आठवड्यांचं होतं, आणि त्या इंजेक्शनचं नाव मालकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. जुने केसपेपर, रिकाम्या पट्ट्या, बाटल्या, सगळं पिशवीत घालून न्यावं आणि टेबलावर मांडावं.

चांगल्या केसपेपरवर प्रत्येक नव्या गोष्टीसमोर सुरू करण्याची तारीख असते आणि दोन नव्या गोष्टींत दहा-बारा दिवसांचं अंतर असतं. फिश ऑइल, शल्लकी (बोसवेलियाचा डिंक) आणि वेदनाशामक ही तिन्ही सोमवारी सुरू झाली आणि गुरुवारी जुलाब लागले तर थांबवायचं काय? काही ठिकाणी पहिल्याच भेटीत पाच बाटल्यांची पिशवी हातात मिळते. अशा ठिकाणाला आमचे गुण कमी.

कागदावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे आणि त्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. माणसांचा होमिओपॅथ, वैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट कितीही निष्णात असला तरी त्याने स्वतंत्रपणे कुत्र्या-मांजरांवर इलाज करणं त्यात बसत नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेणं निराळं.

म्हातारा लॅब्रेडॉर, खुब्याचं दुखणं

या सेवेचा सर्वांत हक्काचा रुग्ण हाच. वजन 35 किलो, असायला हवं 30. जिना चढत नाही, उठताना मागचा भाग दोन-तीनदा खाली बसतो. त्याच्यासाठी काय क्रमाने व्हायला हवं ते सविस्तर सांगतो, कारण ही सेवा नीट मिळतेय का हे इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

पहिलं औषध म्हणजे वजन. जाड कुत्र्यांचं वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. इथे ते दोन-अडीच किलो झाले. 30 किलोच्या लक्ष्यावर हिशेब केला तर दिवसाला साधारण 900 कॅलरी निघतात, आणि त्यात बिस्किटं, पोळीचे तुकडे, संध्याकाळचा पनीरचा तुकडा, सगळं आलं. हा आकडा केसपेपरवर लिहून न देता थेट लेझरच्या खोलीत नेणाऱ्या क्लिनिकने क्रम चुकवला, असं आम्ही म्हणू.

दुसरं, वेदनाशामक. मेलॉक्सिकॅमची नेहमीची मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि पुढे 0.1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, खाण्याबरोबर. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी हवी, आणि लांब चालवायचं असेल तर ती पुन्हा पुन्हा हवी. 'आम्ही केमिकल देत नाही' हे वाक्य काही ठिकाणी अभिमानाने ऐकू येतं. दुखणाऱ्या सांध्यावर कुत्रा भार टाकत नाही, भार टाकला नाही की मांडीचा स्नायू वाळतो, आणि स्नायू वाळला की सांधा आणखी डगमगतो. हे चक्र थांबवायला सुरुवातीचे काही आठवडे वेदनाशामक लागतंच. बाकीच्या उपायांचं यश पाहायचं असेल तर ते पुढे मात्रा किती कमी करता आली यात पाहावं.

तिसरं, फिश ऑइल. पूरक आहारात याच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. मोजायचं ते तेल नव्हे, त्यातलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-3 प्रकारची स्निग्धाम्लं. सांधेदुखीसाठी वरची मर्यादा 30 किलोच्या कुत्र्याला या दोन्हींची मिळून दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास जाते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 1000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ही दोन मिळून असतात 300 मिलिग्रॅम. म्हणजे पूर्ण मात्रेला तेरा कॅप्सूल! 'रोज एक कॅप्सूल' लिहून दिली तर काहीच होणार नाही. तेरा दिल्या तर तेरा ग्रॅम तेलाच्या 117 कॅलरी होतात, म्हणजे 900 मधल्या तेरा टक्के. त्या जेवणातून वजा करायला हव्यात. म्हणून जास्त तीव्रतेची कॅप्सूल घ्यावी, पाव मात्रेने सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवावी आणि शी पातळ झाली की एक पायरी खाली यावं. कॉड लिव्हर ऑइल हे निराळं तेल आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि या मात्रेत ते अंगावर येतं.

शल्लकीबद्दल थोडं. कुत्र्यांवरचा 2004 मधला एक छोटा अभ्यास आहे. दहा किलोमागे रोज 400 मिलिग्रॅम, सहा आठवडे. ज्या 24 कुत्र्यांचे निष्कर्ष काढता आले त्यांतल्या 17 मध्ये सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे वर सांगितलेली अडचण इथेही लागू होते. मेलॉक्सिकॅमच्या जोडीला देऊन पाहायला हरकत नाही, त्याच्या जागी नको. ग्लुकोसामाइनचा पुरावा याहून पातळ आहे.

आता लेझर. काहीच दिसत नाही, काहीच दुखत नाही, म्हणून इथे मालकाला काही तपासता येत नाही असं वाटतं. थोडा गुणाकार केला तर तपासता येतं. खोलवरच्या सांध्याला दर चौरस सेंटीमीटरला साधारण आठ ते दहा ज्यूल ऊर्जा लागते. खुब्याभोवतीचा भाग 150 चौरस सेंटीमीटर धरला तर आठच्या हिशेबाने 1200 ज्यूल झाले. मशीन पाच वॅटवर चालवलं तर एका खुब्याला चार मिनिटं. तेच अर्ध्या वॅटच्या छोट्या हातयंत्राने करायचं तर चाळीस मिनिटं लागतील. अर्ध्या वॅटचं यंत्र दोन मिनिटं फिरवून 'झालं' म्हणत असतील तर पोहोचले 60 ज्यूल. यंत्र किती वॅटचं, भाग किती, एकूण ज्यूल किती, हे विचारावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. जाणकार माणूस लगेच सांगतो.

काळ्या केसांचा कुत्रा जास्त उष्णता शोषतो, म्हणून काळ्या लॅबला कमी वॅटवर, हात सतत हलता ठेवून जास्त वेळ देतात. खोलीतल्या सर्वांच्या डोळ्यांवर त्या लेझरचा चष्मा हवा. कुत्र्याचेही डोळे झाकलेले हवेत. गाठीवर, कॅन्सरच्या संशयित जागेवर आणि गाभण कुत्रीच्या पोटावर लेझर मारत नाहीत. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक ही पद्धत रूढ आहे. या सहांनंतर मांडीचा घेर आणि चाल पुन्हा मोजावी, आणि फरक नसेल तर थांबावं. दहा सेशनचं पॅकेज आधीच भरून बसू नये.

पाण्यातली ट्रेडमिल

आमच्या मते या सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. काचेच्या पेटीत पट्टा, आणि पेटीत खालून चढणारं कोमट पाणी. पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर वजनाचा 91 टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत 85 टक्के, आणि खुब्यापर्यंत भरलं की फक्त 38 टक्के. म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर आणि खुब्यापर्यंत यांतच सगळा खेळ आहे. पातळी जुजबी ठेवून कुत्रा नुसता भिजवला तर भार फारसा हलका होत नाही.

चांगलं सेशन असं दिसतं. आधी अंगावरची धूळ शॉवरने धुतात. कुत्रा कोरड्या पेटीत उभा राहतो, थेरपिस्ट आत किंवा अगदी समोर असतो, मग पाणी हळूहळू चढतं. पट्टा सुरू होतो तो ताशी एक किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं चाल, एक मिनिट विश्रांती, असं दोन-तीनदा, एवढंच. पुढे आठवड्याला दोन सेशन, आणि चाल वाढत वाढत पंधरा-वीस मिनिटांपर्यंत. पाण्याचं तापमान 28 ते 32 अंश. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना यातलं खालचं टोक, आणि खोलीत एसी असावा. एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत पगला पाण्यात चालवणं धोक्याचं आहे.

थेरपिस्टची नजर कुठे आहे ते पाहा. मोबाइलवर नको, मागच्या पायांच्या नखांवर हवी. कुत्रा दमला की नखं पट्ट्यावर घासायला लागतात, अंग एका भिंतीकडे कलतं, डोकं खाली जातं, जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर येते. यांतलं पहिलं दिसलं तिथे थांबायचं. त्यापुढे रेटलं की शरीर दुखऱ्या पायाला वाचवून चालण्याची चुकीची ढब पक्की करतं.

टाके काढून जखम पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरवायचं नाही. जुलाब, कानाचा संसर्ग, आटोक्यात नसलेले झटके किंवा हृदयविकार असेल तरी नाही. आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत सर्वांत जास्त बिघडतं ते सेशननंतर. लॅब, गोल्डन यांचा आतला केसांचा थर ओलाच राहिला तर दुसऱ्या दिवशी गालाखाली किंवा मांडीवर लालभडक, चिकट चट्टा उठतो. टॉवेलने पुसून रिक्षात बसवणं पुरेसं नाही. ब्लोअरने कातडीपर्यंत कोरडं केल्याशिवाय सोडत नाहीत, ते ठिकाण चांगलं.

जिथे ट्रेडमिल नसून छोटा पूल असतो तिथे खुब्याच्या रुग्णाला तेवढा फायदा होत नाही. पोहताना बहुतेक कुत्रे पुढच्या पायांनी वल्हवतात आणि मागचे पाय पूर्ण लांबवत नाहीत. वजन उतरवायला आणि दम वाढवायला मात्र पूल चांगला.

याला जोडूनच घरच्या फरशीचं बोलायला हवं, कारण ते न विचारणारा रिहॅब अर्धवट राहतो. कोलशेत असो की नेरुळ, आपल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. ट्रेडमिलवर कमावलेला स्नायू घरी घसरून ताणला जातो. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पट्टी किंवा जुन्या योगा मॅट सलग अंथराव्यात. पंजाच्या गाद्यांमधले केस कापावेत, नखं जमिनीला टेकणार नाहीत एवढी लहान ठेवावीत. याला खर्च जवळजवळ नाही आणि फरक आठवड्याभरात दिसतो.

सुया आणि मणका

ॲक्युपंक्चरचा कुत्र्यांमधला पुरावा मिश्र आहे. मणक्याच्या आणि स्नायूंच्या दुखण्यात काहींना स्पष्ट आराम पडतो, काहींना नाही. नीट केलं तर धोका फार कमी. एकदाच वापरायच्या निर्जंतुक, केसाएवढ्या बारीक सुया दहा ते वीस ठिकाणी, पंधरा-वीस मिनिटं. कुत्रा जांभया देतो, पेंगतो. संध्याकाळी थोडा सुस्त असतो. आठवड्याला एक याप्रमाणे तीन-चार वेळा करून पाहावं. तोवर मापात फरक नसेल तर पुढचे पैसे वाचवावेत. विजेचा प्रवाह जोडणारी पद्धत झटके येणाऱ्या कुत्र्याला देत नाहीत, आणि कुठल्याही गाठीत सुई टोचत नाहीत.

पण मणक्याच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. डॅक्सहंड, बीगल, पग यांच्या मणक्यातली गादी सरकली आणि मागचे पाय लुळे पडले तर 'चार सुया घेऊन बघू' म्हणायला वेळ नसतो. डॉक्टर पायाच्या बोटाचं हाड चिमट्याने दाबतात. इथे पाय मागे ओढला जाणं म्हणजे जाणीव शिल्लक आहे असं नव्हे. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि मज्जारज्जू पूर्ण दबलेला असतानाही होते. कुत्र्याने वळून पाहिलं, ओरडला, चावायला आला, तरच खोल वेदना मेंदूपर्यंत पोहोचतेय. ती पोहोचत नसेल तर एमआरआय आणि ऑपरेशनची धावपळ त्याच दिवशी करायची असते. साधारण पहिले 24 तास फार मोलाचे. ही तपासणी न करता किंवा चुकीची वाचून सुया लावणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये. ऑपरेशननंतर उभं राहायला शिकवताना मात्र सुया, लेझर, ट्रेडमिल तिन्हींना जागा आहे.

पावसाळा, गोचीड आणि कावीळ

ठाण्यात येऊरच्या कडेला असो की नवी मुंबईत खाडीलगतच्या गवतात, गोचिडीचा ताप वर्षभर असतो. गोचिडीतून येणाऱ्या अर्लिकिया या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम, 28 दिवस. इथे जोडीला पपईच्या पानांचं सिरप सर्रास दिलं जातं. ते देण्यावर आमचा आक्षेप नाही, त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. डॉक्सिसायक्लिन लागू पडलं की प्लेटलेट काही दिवसांतच वर येऊ लागतात. श्रेय सिरपला जातं, आणि 'आता प्लेटलेट आल्या' म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. जंतू शरीरात राहतो आणि काही महिन्यांनी ताप परततो, या वेळी कदाचित अस्थिमज्जेपर्यंत जाऊन. कोर्स 28 दिवसांचाच. बेबेसिया (गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी) असेल तर औषधं वेगळी लागतात, म्हणून नुसत्या 'टिक फीवर' या शब्दावर समाधान मानू नये; कोणता, ते विचारावं.

शिवाय डॉक्सिसायक्लिन कॅल्शियम आणि लोहाशी बांधलं जातं. दही-भातात गोळी, त्यावर कॅल्शियम सिरप आणि लोहाचं टॉनिक, असा बेत असेल तर औषधाचा बराच भाग वाया जातो. दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. दोन डॉक्टर आणि दोन कागद असले की हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) याहून घाईचा. जून ते सप्टेंबरात साचलेल्या पाण्यातून चाललेला कुत्रा ताप, उलट्या आणि पिवळ्या डोळ्यांनी आला, की 'लिव्हरचं आहे' म्हणून वनस्पतींचं लिव्हर सिरप सुरू करून दोन दिवस वाट पाहिली जाते. त्या दोन दिवसांत मूत्रपिंड बसू शकतात. रक्त, लघवी, क्रिएटिनिन, प्रतिजैविक आणि सलाईन त्याच दिवशी. लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण हा रोग माणसाला होतो. पार्व्हो (आतड्याचा विषाणूजन्य आजार) झालेल्या पिल्लाबाबतही असंच: रक्ताची शी आणि उलट्या असताना तोंडाने काहीही देऊन वेळ काढू नये.

काढे, अर्क, गोळ्या

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य ज्या काउंटरवर ऐकू येईल तिथे सावध व्हावं. आसव आणि अरिष्ट यांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. मांजराला आणि लहान कुत्र्याला ते देऊ नये. धातूंची भस्मं मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर मुळीच नकोत. गोचिडीसाठी लसूण खायला घालणं हा इंटरनेटवरचा लाडका सल्ला आहे. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडीच्या तापात त्या आधीच कमी असतात. कापूर पोटात गेला तर झटके येतात, म्हणून चाटता येईल अशा जागी कापराचं तेल नको. ऑपरेशन ठरलं असेल तर हळद आणि फिश ऑइल चालू असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात.

गुळवेलीचं नाव 'इम्युनिटी'साठी पुढे केलं जातं. ज्या कुत्र्याचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट मारतंय आणि त्यासाठी स्टेरॉइड चालू आहे, त्याची प्रतिकारशक्ती चेतवणं म्हणजे औषधाच्या उलट दिशेने ओढणं. माणसांमध्ये गुळवेलीशी जोडलेल्या यकृताच्या सुजेचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद मिटेपर्यंत यकृताच्या रुग्णाला ती न देणंच बरं.

होमिओपॅथीबद्दल थोडक्यात. कुत्र्याच्या तोंडातल्या चामखिळीवर थुजा दिलं की त्या जातात, असा अनुभव अनेक जण सांगतात. तरुण कुत्र्यांच्या या चामखिळी विषाणूमुळे येतात आणि प्रतिकारशक्ती जागी झाली की बहुतेकदा एक-दोन महिन्यांत, काही वेळा थोड्या उशिराने, आपणहून गळतात. थुजा दिलं नाही तरी. साखरेच्या गोळीने थेट अपाय होत नाही. अपाय होतो तो खरा इलाज लांबल्यामुळे. आणि लसीऐवजी 'नोसोड' (रोगाच्याच द्रव्यापासून केलेलं होमिओपॅथिक औषध) देऊ करणाऱ्या ठिकाणी पिल्लू घेऊन जाऊच नये. पार्व्होची मालिका वयाच्या सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि मग दरवर्षी. रेबीजला पर्यायी उपचार कुठल्याही पॅथीत नाही.

मांजर असेल तर

या सेवेचा बराचसा भाग कुत्र्यासाठी बेतलेला आहे आणि मांजरावर तसाच लावला की बिघडतं. मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करणारी एक वाट फार कमजोर असते. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, टी ट्री तेलाचे थेंब कातडीवर पडले तर मांजर थरथरायला, लडखडायला लागतं, आणि परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं गोचीड-औषध मांजराला लावणं विषबाधाच ठरतं. वेटिंग रूममध्ये सुगंधी तेलाचा डिफ्यूझर लावलेला दिसला तर तसं काउंटरवर सांगावं. दम्याच्या मांजराला घेऊन तर तिथे बसूच नये.

मांजराला डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते आणि नंतर अन्ननलिका आकसते. गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी द्यावं. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यात घरी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवणारं क्लिनिक कुठल्याही अर्कापेक्षा जास्त उपयोगी. बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवीचा थेंबही नाही, तर तो अडकलाय. त्याला गोखरूचा काढा पाजत बसू नये. रात्र असली तरी कॅथेटर घालणाऱ्या डॉक्टरकडे न्यावं, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. लेझर मांजरं सहसा बसून घेतात. सुया काही घेतात, काही नाही. कॅरिअरचं वरचं झाकण काढून, खालच्या अर्ध्या भागात आपल्याच चादरीवर बसलेलं असताना उपचार करणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.